गोजरबाईच्या एकशे त्रेचाळीस हरकती

सरकारी माणूस दारावरून रिकाम्या हातानं परत गेला, तर गोजरबाईला दिवसभर अन्न गोड लागत नाही. एकदा तपासणीला आलेल्या नर्सबाईनं विचारलं, "काही आजार?" गोजरबाईला एकही आजार नव्हता. म्हणून तिनं यजमानांचा, पुंजाजींचा, गुडघा स्वतःच्या नावावर सांगितला. "बिचारी उन्हातान्हात आली, तिले नाही कसं म्हनू?" त्या गुडघ्याच्या गोळ्या महिनाभर पुंजाजींनी निमूट खाल्ल्या.

तिचं गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या पुढं. शिक्षण चौथी, वय साठीच्या पुढं. आश्रमाच्या पंगतीत वांग्याची भाजी वाढायला दरवर्षी हजर. आणि दर सोमवारी गावच्या बारवेत उतरायचं, पायऱ्या झाडायच्या, खालच्या कोनाड्यातल्या महादेवापुढं दिवा लावायचा. ही बारव म्हणजे दगडी पायऱ्यांची चौकोनी विहीर. कोणी बांधली ते गावात कोणालाच माहीत नाही. गोजरबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तीच झाडते. "तो बसला हाय, मी झाडून राह्यली," एवढीच तिची भक्ती.

तर सरपंच निवृत्तीच्या मनात आलं की बारव बुजवायची आणि वर लग्नाचा हॉल बांधायचा. मुरूम कुठून आणायचा तेही ठरलं. गोजरबाईचा जीव टांगणीला लागला. अंगणवाडीच्या महामायाताईंनी तिच्यासाठी पुरातत्त्व खात्याकडं बारव संरक्षित करा असा अर्ज केला, तेव्हा खात्याच्या अनुपमा मॅडम टेप घेऊन आल्या. त्यांनी पायऱ्या मोजल्या, खांबांचे फोटो काढले.

"घेतलं का मग?" गोजरबाईनं विचारलं.

"मावशी, जुनं दिसलं की घेतलं, असं नसतं. किती जुनं, मूळ रूप किती टिकलं, कोरीवकाम कसं, लोकांचा त्याच्याशी संबंध काय, हे बघतात. मग नोटीस लागते. मग दोन महिने वाट बघायची. मग ठरतं."

चार महिन्यांनी नोटीस आली आणि बारवेच्या कमानीवर चिकटली. ही बारव संरक्षित करण्याचा शासनाचा विचार आहे, ज्यांच्या हरकती असतील त्यांनी दोन महिन्यांत लेखी कळवाव्यात. गोजरबाईनं बोट ठेवून तीनदा वाचलं. महामायाताई नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला साखरखेर्ड्याला गेलेल्या. विचारणार कोणाला?

"सरकार मागून राह्यलं," ती पुंजाजींना म्हणाली, "अन् गावातून एकबी हरकत नाही गेली, तं त्यायले वाटन आपल्याले बारवेचं काही पडलंच नाही."

"मंग दे दोन-चार," पुंजाजी म्हणाले.

दोन-चारनं तिचं काय होणार! ती दारोदार फिरली.

"माही काहीच तक्रार नाही वं," जनकाबाई म्हणाली.

"असं कसं? म्हैस पडली होती ना तुही बारवेत?"

"त्याले वीस वर्सं झाले."

"पडली का नाही?"

"पडली."

"मंग लिव्ह."

असे एकशे बेचाळीस कागद झाले. एकशे त्रेचाळिसावा तिचा स्वतःचा. गठ्ठा रजिस्टरनं रवाना झाला. सरपंचाला कळलं तेव्हा त्यानं चौकात पेढे वाटले. एक गोजरबाईनंही खाल्ला. त्याला एकदाची अक्कल आली असं तिला वाटलं.

हरकतींवरच्या सुनावणीच्या दोन दिवस आधी महामायाताई परतल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. "गोजरबाई, हरकत म्हंजे नको म्हननं! तुमी सगळ्या गावाकडून नको म्हनून आल्या!"

"मंग मले पह्यले काऊन नाही सांगतलं?"

ते दोन दिवस गोजरबाई सारखी बारवेत उतरून महादेवाला विचारत राहिली. देवा, मुरूम राहिला बाजूला, मीच तुले बुजवलं का रे?

सुनावणी ग्रामपंचायतीत, अनुपमा मॅडमपुढं झाली. निवृत्ती इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. "मॅडम, गावच विरोधात हाय. बारव पडीक हाय. तिकडं कोनी फिरकत नाही."

मॅडमनी गठ्ठा सोडला आणि वाचायला लागल्या. जनकाबाईची म्हैस. वटवाघळं अंगावर येतात. पाचवी पायरी फार उंच आहे, पोळ्याला बैल धुताना त्रास होतो. मग सरपंचाच्या आईचा, बेबीताईंचा कागद निघाला. "निवृत्तीच्या जावळाले पूजेले गेलो तवापासून डावीकडची पायरी हालते. निवृत्ती सरपंच झाला तरी हालतेच."

सगळी ग्रामपंचायत हसली. निवृत्ती शर्टाची बटणं बघत राहिला.

"सरपंच," मॅडम म्हणाल्या, "कोणी फिरकत नाही, आणि कुठली पायरी हलते ते गावाला पाठ? यातला एकही कागद संरक्षण नको म्हणत नाही. पण फाइलीत या हरकतीच आहेत. मागं घेतल्या तर लवकर सुटेल."

लोकांनी भराभर सह्या केल्या, कोणी अंगठे दिले. राहिली गोजरबाई. तिचा कागद असा होता: इतकी वर्षं सरकारनं येऊन पाहिलं नाही, ही माझी हरकत.

"हे मागं नाही घेत," ती म्हणाली. "देवापुढं बसून लिव्हलं हाय. खोटं कसं करू?"

तेवढ्यात महामायाताई उठल्या. "माही तं राह्यलीच. लिहा मॅडम. माह्या आजीले या बारवेच्या पायऱ्या उतरू देत नव्हते. वरून कोनी पानी वाढलं तं घ्यायचं. बारव राखा, पन हेबी लिहून ठेवा."

मॅडमनी दोन्ही हरकती फाइलीत घेतल्या आणि दोन्हींपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं: हरकत रास्त आहे.

पुढं अंतिम अधिसूचना निघाली, बारव राज्य संरक्षित झाली. निवृत्तीचा हॉल शाळेमागं गेला. बातमी आली त्या दुपारी गोजरबाई झाडू न घेताच महामायाताईंच्या दारात उभी राहिली. "चाला, खालच्या पायरीले."

दोघी उतरल्या. पाणी गार होतं. पाय बुडवून बसल्या, तोच वरून निवृत्ती ओरडला, "अवं बाई, सरकारी हाय ते आता!"

"मंग आमचंच झालं ना बे!" गोजरबाई खालून म्हणाली, आणि महामायाताईंना बसायला आणखी थोडी सरकली.