गाडी, घाट आणि आमचे थोरले

या ट्रिपचं जे झालं, त्यात दोष मोठ्या काकांचा. नाव आधीच घेऊन टाकतो, नाहीतर घरचे नेहमीसारखं माझ्यावर ढकलतील. आमच्या ट्रिपचे किस्से डिकीतल्या सामानासारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. मला गाडी चालवायची होती, टुरिस्टचा धंदा करायचा होता. बाबांची सात सीटर जोगेश्वरीत बिल्डिंगखाली कव्हर घालून झोपलेली; बाबांना घाटात चालवायची धास्ती. बाबा आईसमोर म्हणाले, "भोर, वाई, मेणवली नीट फिरवून आण. गाडी तुझी. परमिट काढ!"

निघालो. पुढे काका, मागे बाबा आणि आत्या. आई आली नाही. आई हुशार आहे.

* * *

काका रिटायर्ड इतिहासाचे सर. मोबाइलवर रस्ता बघायला बंदी. "रस्ता वयस्कर माणसालाच विचारायचा!"

भोरच्या अलीकडे फाट्यावर एक आजोबा दिसले. काकांनी काच खाली केली. आजोबा म्हणाले, "मी मुलुंडचा. लेकीकडे आलोय. पण डावीकडे असावं."

काका म्हणाले, "डावीकडे घे!"

"काका, त्यांनाच माहीत नाही!"

"ऐंशीच्या पुढचा माणूस आहे तो!"

डावीकडे गोठा निघाला.

* * *

भोरमध्ये एका जुन्या दरवाजासमोर काकांनी आम्हाला उन्हात उभं केलं. सरदार, स्वाऱ्या, तोफा, सगळं झालं. बाबा माना डोलावतायत, आत्या फोटो काढतेय. आतून एक बाई ओले हात पुसत आल्या.

"कोणाकडे आलात? हे आमचं घर आहे. सासऱ्यांनी बांधलं, पतपेढीचं कर्ज काढून."

काकांनी दरवाजावर हात फिरवला. मग म्हणाले, "शैली मात्र तीच!"

* * *

भोरहून वाईला मांढरदेवीच्या घाटाने गेलो. प्रत्येक वळणाला काका पाय जमिनीवर दाबायचे.

"काका, तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"म्हणूनच भीती वाटते!"

वर गाडी थांबवली. खाली वाईचं खोरं, उसाचे हिरवे चौकोन, मधून चमकणारी कृष्णा. आत्यासुद्धा फोटो काढायचं विसरली. वाटलं, आता तरी कोणी म्हणेल, बरं आणलंस रे.

काका म्हणाले, "इंजिनिअर झाला असतास तर असा घाट बांधला असतास."

"बांधलेल्या घाटातून तुम्हाला आणायलाही कोणीतरी लागतं ना!"

बाबा म्हणाले, "उलट बोलू नकोस." बाबा एवढंच बोलतात.

* * *

वाईत गणपतीच्या देवळाबाहेर आत्याने एका काकूंशी ओळख काढली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "भाचा. इंजिनिअर होतोय. आमचा ड्रायव्हर आज सुट्टीवर, म्हणून बिचारा चालवतोय."

मी दार उघडलं. "ड्रायव्हर हजर आहे, काकू. कुठे सोडू?"

काकू खरंच बसल्या, भाजीच्या दोन पिशव्यांसकट! आत्या दाराशी चेपली. बाजारात उतरताना काकू म्हणाल्या, "हात चांगलाय रे तुझा, बाळा."

अख्ख्या ट्रिपमधलं हे एकच कौतुक. तेही परक्याकडून.

* * *

मेणवलीच्या घाटावर काकांना गाऱ्हाणं घालायची हुक्की आली. आम्ही मालवणकडचे. थोरला देवाकडे मोठ्याने मागतो, बाकीचे होकार भरतात. काकांनी नदीकडे हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही लेकरा तुझ्या पायाशी इली हत, त्येंचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या झिलाक परत कॉलेजात जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तोवर ही गाडी ह्येच्या हातात देव नको रे म्हाराजा!"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग मीही हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, जे शब्द देवन फिरवतत, त्येंका आपली गाडी आपणच चालवत घाट उतराची ताकद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आत्या सवयीने ओरडली.

चावी पायरीवर ठेवली आणि वाईच्या स्टँडवरून एसटी पकडली. काका-आत्याला घेऊन बाबा कसेबसे घरी पोचले; पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडी विकली.