हातातला दोर

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. स्पेनमध्ये मुलीकडे गेलो, तेव्हा तिनं मला भूमध्य समुद्राच्या वाळूत छत्रीखाली बसवलं आणि मी पाच मिनिटांत तीनदा उठलो. ती पोहायला निघाली होती. बऱ्याच आत पोहण्याची हद्द दाखवणारे पिवळे फुगे तरंगत होते, त्यांना शिवून परत यायचं म्हणाली.

"तुमी फक्त बघा, पप्पा. लई लांब न्हाई."

बघा म्हणे. पोहणं ती तिकडे नोकरी लागल्यावर शिकली, शिकवणी लावून. माझ्याकडून शिकायची राहिली होती आणि त्याला कारण मीच होतो.

आमच्या काष्टी गावात पोरं विहिरीत शिकतात, कमरेला दोर बांधून. दुसरं टोक वर काठावर बापाच्या नाहीतर चुलत्याच्या हातात. पोर हातपाय मारायला लागलं की वरचा माणूस गुपचूप दोर सोडतो. मी असाच शिकलो. मुलगी आठ वर्षांची असताना मीही सोडला, पण जरा लवकर. घाई हा माझा जुना रोग. ती खाली गेली. मी कपड्यांसकट उडी टाकून तिला पायऱ्यांवर आणलं, तेव्हा तिच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. "दोर निसटला गं हातातून," मी म्हणालो. घरीही तेच सांगितलं. ती परत कधी विहिरीकडे फिरकली नाही.

आता तिचं डोकं लाटांमध्ये लहान लहान होत चाललं होतं. मी घोट्याइतक्या पाण्यात गेलो, परत आलो, चपला घातल्या, काढल्या. एक लाट उठली आणि डोकं दिसेना. माझा धीर सुटला. शेजारी लाटांवर तरंगायच्या फळ्या भाड्यानं देणारा माणूस होता, त्याच्याकडे धावत जाऊन मी दोर मागितला. भाषा येत नव्हती, म्हणून कमरेला विळखा घालून ओढल्यासारखं करून दाखवलं. माझं पोट दुखतंय असं समजून त्यानं मला संडास दाखवला. एवढ्या समुद्रात दोर कुणाला पुरणार होता, हे मला नंतर सुचलं.

ती आली, धापा टाकत, हसत. "आता तुमी चला," म्हणाली आणि एक लांब फळी घेऊन आली.

मी मागे सरलो. विहिरीत चार हात मारले की दगड हाताला लागतो. इथं काय धरायचं? मला खरंच भीती वाटली आणि तसं मी तिला सांगितलं. ती पाण्यात गुडघ्यांवर बसली आणि फळीची दोरी पट्ट्यानं माझ्या घोट्याला बांधायला लागली. इतक्या वर्षांचं ओझं मला तिथं पेलवेना.

"तवा दोर निसटला नव्हता," मी म्हणालो. "मी सोडला हुता."

तिनं पट्टा आवळला, बोट घालून तपासला.

"माहिताय मला. मी वर तुमच्याकडंच बघत हुते, पप्पा."

मग तिनं मला फळीवर बसवलं आणि फळी आत ढकलली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, तरी तिनं फळीवरचा हात काढला नाही.