तयार झाली की निघेल

गोव्यातल्या पाळी गावच्या खाण-ऑफिसात शिवदास स्टोअरकीपर होता. ऑफिसने मोडीत काढलेले तीन जुने संगणक त्याने मागून घरी आणले, आणि त्याच्या बायकोची, सत्यवतीची, बसायची खोली कायमची गेली. लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीच्या एका प्रकल्पात तो फुकट राबायचा. जगभरची माणसं मिळून ती प्रणाली बनवत, आणि जुन्या यंत्रावर ती नीट चढते का, हे पाहायचं काम याचं. घरचा नळ गळत असे, त्याकडे पाहायला मात्र सवड नसे.

२००४च्या गणेशचवथीला त्याच्या घशात उंडो पाव अडकायला लागला. चहात बुडवून बुडवून तो गिळायचा. सत्यवतीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"अवो, दोतोराक दाखोवया."

"ही नवी आवृत्ती एकदा भायर पडूं दी, मागीर वचूया."

"तारीख तरी सांगा."

"तारीख ना गो. तयार जाली की भायर."

"जात्रेक सुद्धां तिथी आसता!" ती म्हणाली. तो हसला. दुसरे प्रकल्प दर सहा महिन्यांनी ठरल्या दिवशी आवृत्ती काढतात, पण आमचा तसा नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. गंभीर चुकांची एक यादी होती. ती शून्यावर आली की आवृत्ती निघणार, तोवर कोणी कितीही ओरडो.

दिवाळीला यादीत नऊ चुका उरल्या. सत्यवतीने देवापुढे साखर ठेवली. आठ दिवसांत त्या चौदा झाल्या, आणि त्यातली एक खुद्द शिवदासने कळवलेली होती. जुन्या यंत्रावर नवी प्रणाली चढवताना आधीचं सगळं पुसलं जात होतं.

"तुमी कळयलें नाशिल्लें जाल्यार?" तिने विचारलं.

"कोणाचें तरी सगळें पुसून वतलें."

आता अशा माणसाला काय म्हणावं? यंत्राचं बारीकसं दुखणं जगाला कळवणारा हा बाप्या स्वतःचं दुखणं पेजेबरोबर गिळत होता. होळी-शिगम्यापर्यंत नुसती पेजच उरली. सदरा अंगावर लोंबायला लागला. सत्यवती रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. तो म्हणायचा, "आतां दोनूच उरल्यात."

जूनमध्ये आवृत्ती निघाली. दिल्या शब्दाप्रमाणे तो दुसऱ्याच दिवशी मोठ्या इस्पितळात गेला. कधीपासून त्रास, असं डॉक्टरने विचारताच त्याने खरं तेच सांगितलं, "चवथीसावन." डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि सत्यवतीकडे पाहिलं. तपासण्या झाल्या, पण घशातली गाठ आता कापण्याच्या पलीकडे गेली होती.

त्या दुपारी वॉर्डात त्याला बरं वाटावं म्हणून तिने विचारलं, "आतां तातूंत एकूय चूक उरूंक ना मगो?"

"उरल्यात. ल्हान ल्हान. त्यो उरतातच. मागीर सुदारतात."

तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमी वाट पळयत रावले म्हूण ती एक दीस तरी आदीं भायर सरली?"

शिवदासने तिच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर बाविसाव्या दिवशी तो गेला. तोवर पाणी दे, चादर ओढ, एवढंच काय ते बोलला. ते आपण विचारायला नको होतं, असं सत्यवतीला अजून वाटतं.