भरल्या पोटी पॅन-एशियन

मुलीचं लग्न जमवायचं असेल तर बापाने उपाशी पोटी जावं, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका पॅन-एशियन हॉटेलात कळलं. तोवरचं सगळं आयुष्य मी भरल्या पोटी काढलं होतं.

आमची प्राची पुण्याला नोकरीला आहे. तिथे तिला निनाद नावाचा मुलगा भेटला, आणि तो निघाला अकोल्याचा. (अमरावतीची पोरगी पुण्याला जाऊन पोरगा शोधते तो अकोल्याचा! मग एवढं गाडीभाडं कशाला घालवलं, असं मी एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही.) त्या दोघांचं ठरलं होतं, आमचं ठरायचं होतं. दोन्ही घरची माणसं एकदा समोरासमोर बसून जेवली की पुढची बोलणी सुरू, असा बेत होता. मी म्हटलं, घरी या, पुरणपोळ्या करू. तर पोरांनी परस्पर ठरवलं की कोणाच्याच घरी नको. अमरावतीला नवीन पॅन-एशियन हॉटेल उघडलं आहे, तिथेच भेटू.

मला संशय आला. आता मला संशय यायला फार काही लागत नाही, हे कबूल. आमच्या खानदानात लग्नकार्यात कोठी सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे किराण्याच्या खोलीची किल्ली खिशात ठेवायची, दारात खुर्ची टाकायची, आणि आचारी तुपाच्या डब्याकडे कितीदा पाहतो ते पाहत बसायचं. अशी पुष्कळ लग्नं काढली की माणूस देवळातल्या प्रसादाकडेही तिरकंच पाहायला लागतो.

तर मी चौकशीला निघालो. पहिल्या झटक्यात कळलं ते हे की हे हॉटेल एकटं नाही. याच नावाची, याच रंगाची आणि याच चवीची हॉटेलं शहरोशहरी आहेत आणि मालक कुठे बसतो ते कोणालाच माहीत नाही. आमच्या वडिलांचा नियम होता, ज्याचा मालक गल्ल्यावर दिसत नाही त्याच्याकडे जेवू नये. भाजी खारट झाली तर भांडायचं कोणाशी? किराणा दुकानदार म्हणाला, तिथे एकच कढई असते, कोबीही त्यातच आणि कोंबडीही त्यातच. आमच्या न्हाव्याचं मत सगळ्यांत सविस्तर होतं. तिथे पोटच भरत नाही. तिथून निघालेली चांगली सुटाबुटातली माणसं समोरच्या गाडीवर गिलावडा खाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. शेजारच्या वकीलसाहेबांनी सांगितलं की ते लोक समुद्रातल्या गवतात थंड भात गुंडाळून देतात.

"तुमी जेवले काय तिथं?" मी विचारलं.

"मत द्याले जेवा लागते काय?" वकीलसाहेब म्हणाले. "मी तं खुनाच्याही केशी चालवतो."

प्राची आली, आणि तिला माझ्या तोंडाकडे पाहूनच सगळं समजलं. तिने मला गच्चीवर नेलं. वेटरची उलटतपासणी करायची नाही, स्वयंपाकघरात डोकवायचं नाही, भांडं हुंगायचं नाही, अशी तंबी दिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, मले हाच पोरगा पायजे. एक संध्याकाळ नीट जेवा, बस्स." एरवी पुणेरी बोलणारी पोरगी एकदम वऱ्हाडीवर आली, म्हणजे प्रकरण काळजाचं होतं.

कारण नीट जेवणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या वऱ्हाडात सोयरीक नको असली तर कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. पाहुणे येतात, हवापाण्याचं बोलतात, आणि ताटाला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी "पाण्यालेही शिवले नाई" एवढं गावात फिरलं की समजायचं, मोडलं. माझ्या मोठ्या बहिणीचं पहिलं स्थळ असंच गेलं होतं. शिऱ्याच्या बशा जशाच्या तशा आत आल्या आणि आई चुलीपुढे बसून रडली. (तो शिरा नंतर मीच खाल्ला. फार छान झाला होता.)

म्हणून मी ठरवलं की काहीही झालं तरी तिथे खायचं. आणि खायचं तर डोकं शांत पाहिजे. उपाशी असलो की मी चिडतो, चिडलो की वेटरशी भांडतो. तेव्हा निघण्याआधी पोटाला जरासा आधार करावा, असा मी साधा विचार केला. माझी बायको शोभा म्हणाली, "चतकोर भाकर खा, जास्त नका खाऊ." पण त्याच दुपारी चांदूर रेल्वेहून आमची बेबीआत्या आली होती, आणि येताना स्वतःच्या वावरातले वांगे घेऊन आली होती. तिने आलू-वांग्याची तर्रीदार भाजी टाकली. चतकोराची अर्धी झाली, अर्धीची किती झाली ते विचारू नका. प्राची आधीच हॉटेलात गेलेली, त्यामुळे हात धरायला कोणी नव्हतं. शोभाही बसली. आत्या तर म्हणाली, "तिथं काय देतीन त्याचा भरोसा नाई, पोटभर जेवा," आणि तिने वाढतच नेलं. रिक्षात बसताना मला कळलं की आपण पोटाला आधार नाही, पाया घातला आहे.

हॉटेलात अंधार होता. (मला लगेच संशय आला. ज्याला अन्न दाखवायचं नसतं तोच दिवे कमी ठेवतो.) अकोल्याची मंडळी थोडी उशिराच आली. निनादचे वडील भास्करराव, चांगले उंचपुरे शेतकरी गृहस्थ, शेती मूर्तिजापुराकडे आणि घर अकोल्याला. सोबत त्यांच्या मंडळी, सुमनबाई. रामराम झाला. बसताबसता भास्कररावांनी पट्टा एक भोक सैल केलेला मी पाहिला. मनात म्हटलं, हा माणूस तयारीनेच आला आहे, आज सगळं साफ करणार.

टेबलाच्या मधोमध काचेची मोठी फिरती चकती होती. पोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पदार्थ भराभर आले. बांबूच्या टोपल्यांतले वाफाळते गोळे, नारळाचा पिवळा रस्सा, नूडल्सचा ढीग, आणि ते वकीलसाहेबांचं गवतातलं भातबित सगळं. सगळं आमच्यासाठी शाकाहारी, हे निनादने तीनदा सांगितलं. मला तीनदा संशय आला.

"घ्या ना," मी म्हटलं, आणि चकती फिरवून गोळ्यांची टोपली भास्कररावांपुढे आणली.

"पयले तुमी," ते म्हणाले, आणि टोपली माझ्याकडे परत आली.

मी ती सुमनबाईंकडे पाठवली. त्यांनी आत्याकडे. आत्याने "पाहुण्याईले द्या आधी" म्हणून अशी फिरवली की टोपली दोन चकरा मारून रश्श्याला धडकली. आग्रह आपल्याकडे असतोच, पण यात एक गोम होती. कोणी काही उचलतच नव्हतं. त्यातून ताटाशेजारी चमच्याऐवजी काड्या ठेवलेल्या. त्या काड्यांनी माझी फार सोय केली. मी गोळा धरायचा प्रयत्न करायचो, तो निसटायचा, मी खेदाने मान हलवायचो. पाहतो तर भास्कररावांचाही निसटत होता. शेतात औत धरणाऱ्या माणसाच्या हाताला एक गोळा धरवत नाही, हे मला पटेना. पण एवढ्यात वेटरला आमची दया आली आणि तो सगळ्यांसाठी काटे-चमचे घेऊन आला. मी आयुष्यात कोणत्याच चमच्यावर इतका रागावलो नव्हतो.

आता निमित्त उरलं नाही. मी धीर करून एक गोळा तोंडात टाकला. तो गिळला, खाली गेला, आणि भाकरीवर जाऊन बसून राहिला. दुसरा घेण्याची माझ्यात ताकद नव्हती. समोर भास्करराव एकच नूडल चमच्याभोवती गुंडाळत होते आणि सोडत होते. सुमनबाई पदराआड जांभया देत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे लोक खाऊन नाही राहिले. यांना सोयरीक नको आहे.

तेवढ्यात भास्करराव उठून कुठेतरी गेले आणि बेबीआत्या माझ्या कानाला लागली. ती कुजबुजली की चांदूरच्या स्टेशनवर ऐकू जातं. "काही खाऊन नाई राहिले रे हे लोक. मोडलं समज."

टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकलं. प्राचीच्या तोंडावरचा रंग गेला. ती ताटात पाहत बसली आणि निनाद चकती उगाच हळूहळू फिरवत राहिला. माझ्या मनात आलं, त्या दिवशीच्या शिऱ्याच्या बशा पुन्हा परत आल्या, फक्त यावेळी त्या गोल फिरत आहेत. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझं पोट बिघडतं. म्हणून मी हात धुण्याचं निमित्त करून उठलो. खिशात हिंगाष्टकाची पुडी होती.

बेसिनपाशी गेलो तर तिथे भास्करराव आधीच उभे.

"हात धुवाले आले?" त्यांनी विचारलं.

"हाव. तुमी?"

"मीबी."

दोघांचेही हात कोरडे ठणठणीत होते. मी आरशातून त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांनी पाठ फिरवली, खिशातून एक छोटी डबी काढली, तळहातावर चिमूटभर काहीतरी घेतलं आणि तोंडात टाकलं. वास आला. ओवा! इतकी वर्षं कोठीच्या दारात बसलेलं माझं डोकं ताडकन जागं झालं.

"भास्करराव," मी म्हटलं, "तुमी अंदर एक घास नाई खाल्ला. मंग ओवा काहून खाऊन राहिले?"

तुपाच्या डब्यात हात सापडलेला आचारी जसा थिजतो तसे ते थिजले. मग त्यांची नजर माझ्या मुठीतल्या पुडीवर गेली.

"अन् तुमी?"

त्यांनी मान खाली घातली.

"मूर्तिजापूरले बहिणीच्या वावरात थांबलो होतो," ते म्हणाले. "रोडगे अन् वांग्याची भाजी होती. पोरगा म्हणे पॅन-एशियन. मी म्हटलं, याचा काई भरोसा नाई. जरा पोटाले आधार करून घेऊ."

"आमच्याकडंबी वांगेच होते," मी म्हटलं. "आलू-वांगे, भाकर."

"तर्री होती?"

"होती."

त्यांनी असा उसासा टाकला की मला त्या क्षणी तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. मग ते चाचरत म्हणाले, "म्हणजे तुमाले आमचा पोरगा नापसंत नाई? मले वाटलं, तुमी खाऊन नाई राहिले म्हणजे गेलं. घरी काय तोंड घेऊन जाऊ, तेच इथं उभा राहून इचार करत होतो."

"अवो, मले वाटलं तुमालेच पोरगी नको," मी म्हटलं. आम्ही एकमेकांना मिठी मारली. जपूनच मारली, कारण दोघांच्याही पोटाला दाब सहन होण्यासारखा नव्हता. मग मी त्यांना हिंगाष्टक दिलं आणि त्यांनी मला ओवा.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. पोरांना खरं सांगावं तर जन्मभर हसतील. आणि न खाता उठावं तर सोयरीक मोडल्यात जमा. भास्करराव म्हणाले, "आता एकच मार्ग आहे, व्याहीबुवा." त्यांनी व्याहीबुवा म्हटलं आणि मला मार्ग कोणता ते समजलं.

आम्ही परत येऊन बसलो आणि खायला लागलो. मी भास्कररावांच्या ताटात दोन गोळे टाकले, त्यांनी माझ्या ताटात चार टाकले. मी त्यांना रस्सा वाढला, त्यांनी माझ्यावर नूडल्सचा ढीग घातला. दोघांच्याही आया वरून पाहत असल्यासारखे आम्ही ताट साफ करत होतो. शोभा आणि सुमनबाईंनी एकमेकींकडे पाहिलं, सुमनबाईंनी टेबलाखालून स्वतःची ओव्याची डबी पुढे सरकवली, आणि त्याही भिडल्या. बेबीआत्याने समुद्रातलं गवत खाल्लं आणि "पालकाच्या भज्यावाणी हाय, पण तळाले विसरले," असं सांगून आणखी मागितलं. ताटं पुसल्यासारखी स्वच्छ झाली तेव्हा प्राची रडत होती आणि हसत होती. मला उठता येत असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं.

जाताना मॅनेजर अदबीने आला आणि जेवण कसं वाटलं ते विचारू लागला. कशाचीही चव मला सांगता येत नव्हती. जे खरं होतं तेवढं मी सांगितलं, की पोट इतकं गच्च भरलं आहे की दोन दिवस जेवणाचं नाव काढणार नाही. प्राचीने ते तिथल्या तिथे फोनवरून हॉटेलच्या पानावर माझ्या नावानिशी मत म्हणून टाकून दिलं.

लग्न ठरलं. कोठी व्याह्यांनी आणि मी अर्धी अर्धी सांभाळायची, हेही ठरलं. पंधरा दिवसांनी मी दाढी करायला गेलो, तर न्हावी वस्तरा धरून माझ्याकडे टक लावून पाहत राहिला.

"भाऊ, तुमचं मत वाचून घरच्या सगळ्याईले घेऊन गेलो तिथं," तो म्हणाला. "पोट गच्च भरते म्हणे! उपाशी आलो सगळे. समोरच्या गाडीवर गिलावडा खाल्ला तवा जिवात जीव आला."

वस्तरा माझ्या गळ्याशी होता, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून, घरून जेवून नव्हते गेले काय?"