दादाच्या अल्बममधला ढावलो

माझा भाऊ रॅपर आहे हे मी शक्यतो कुणाला सांगत नाही. लाज वाटते म्हणून नाही. सांगितलं की पुढचे प्रश्न येतात, आणि प्रश्नांची उत्तरं मला बोलून देता येत नाहीत, लिहून देता येतात.

त्याचा पहिला अल्बम मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने काढला आणि तो कंपनीला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चालला. पांढरकवड्याच्या ऑटोत, राळेगावच्या वरातींत, यवतमाळच्या स्टँडसमोरच्या रसवंतीवर, सगळीकडे दादाचा आवाज. केळापूर तालुक्यातल्या आमच्या बंजारा तांड्यावर तर आता प्रत्येकाला तो लहानपणापासूनच हुशार वाटत होता. हीच माणसं आधी त्याला मोबाइलवर बीट लावून पुटपुटताना बघून विचारायची, "हा गाणं म्हणून राह्यला का भांडून राह्यला?"

अल्बममध्ये माझं काम इंग्रजीचं होतं. बाबा एसटीत कंडक्टर. मुलीने इंग्रजी शाळेत शिकावं असं त्यांनी ठरवलं आणि पहिलीतच मला यवतमाळच्या हॉस्टेलवर ठेवलं. त्यामुळे कंपनीच्या मेल मीच वाचायचे, उत्तरं मीच लिहायचे. व्हिडिओ कॉलवर दादा कॅमेऱ्यासमोर बसायचा आणि मी त्याच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर. तिकडच्या लोकांना मी त्याची मॅनेजर वाटायचे. मी तसंच वाटू दिलं.

बाकी सगळी गाणी पटापट पास झाली. अडलं ते एकच.

आमच्याकडे लग्न झाल्यावर मुलगी सासरी निघते तेव्हा ती प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं म्हणजेच गाणं असतं. त्याला ढावलो म्हणतात. चाल ठरलेली, पण शब्द जिचे तिचे. काय सोडून चालले ते तिथल्या तिथे जुळवून म्हणायचं, आणि जिच्या गळ्यात पडले तिनेही तसंच उत्तर द्यायचं. लग्नाच्या आधी म्हाताऱ्या बाया पोरींकडून त्याची तयारी करून घेतात. दादा लहानपणी ती ऐकत तिथेच लुडबुडायचा. फ्रीस्टाइल, म्हणजे तिथल्या तिथे रॅप जुळवणं, मी शहरात नाही शिकलो, असं तो आजही सांगतो.

त्या गाण्यात तो तांडा सोडून जाण्याबद्दल बोलतो आणि मध्ये आमच्या आत्याचा ढावलो येतो. चुलत बहिणीच्या लग्नात मोबाइलवर घेतलेला. त्यात जनरेटर होता, लेकरं होती आणि कुणीतरी बैल बांधायला हाक मारत होतं. कंपनीने कळवलं की हे वापरता येणार नाही. नीट रेकॉर्डिंग द्या, नाहीतर मुंबईची गायिका तो भाग म्हणेल, तेही नको असेल तर गाणं वगळू.

दादा दोन्हीला तयार नव्हता. बाकीची गाणी चांगली आहेत, पण ती कुणीही केली असती, असं तो मला म्हणाला. हे एक गेलं तर अल्बमवर त्याचं फक्त नाव उरणार होतं.

शेवटी कंपनीने नागपूरहून एक साउंड इंजिनिअर पाठवला. दाढीवाला, नम्र मुलगा. त्याने आमच्या पुढच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगायला लावल्या. पंखा बंद केला. बकऱ्या लांब नेऊन बांधल्या. आत्या आणि तिच्या बरोबरीच्या बाया ठेवणीतल्या ओढण्या घेऊन आल्या, बसल्या, माइककडे बघितलं. मग आत्याने नाही म्हणून सांगितलं.

"लगन नाही, नवरी नाही. मी कोणाच्या नावानं ढावलो म्हणू?"

दादा म्हणाला, माझ्या नावानं म्हण, मी चाललोच आहे मुंबईला.

"तुले कोण नेऊन राह्यलं?"

"कंपनी."

यावर बाया इतक्या हसल्या की इंजिनिअरने हेडफोन काढले. एक काकी म्हणाली, हुंड्यात काय देऊन राह्यले ते तरी इचार. पण आत्या हसली नाही. जाणारं कुणी नसताना ढावलो म्हणणं तिला अशुभ वाटत होतं, आणि यात तिला कुणी पटवू शकणार नव्हतं. चहावर चहा झाले. दादा भिंतीला टेकून बसला होता. गोधडीचा एक कोपरा सुटून लोंबत होता, तो त्याने परत खोचला नाही. तेव्हा मला कळलं की त्याने गाणं सोडून दिलंय.

इंजिनिअरने हळू आवाजात मला विचारलं, अडचण काय आहे. आत्याला कळू नये म्हणून मी इंग्रजीत समजावलं की कुणीतरी खरोखर घर सोडून जाणारी मुलगी लागते. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय सांगितलं ते तिने विचारलं. मी सांगितलं.

इथे एक सांगायला हवं. आत्या तांड्यातल्या सगळ्यांशी आमच्या गोर बोलीत बोलते, ते मी इथे वऱ्हाडीत लिहिलंय; माझ्याशी मात्र ती खरोखरच वऱ्हाडीत बोलते. माझी गोर बोली हॉस्टेलमध्ये मोडली. मला कळतं सगळं, बोलताना शब्द सापडत नाहीत. आत्या मला सोपं जावं म्हणून भाषा बदलायची आणि दर वेळी मला आपण पाहुणे असल्यासारखं वाटायचं.

ती सगळ्या बायांना म्हणाली, "हे गेलती न. पहिलीत होती. हिले कोणी गळ्याशी धरलं होतं?"

मग ती माझ्याकडे वळली.

"ये पोरी, इथी बस."

मी गेले. इतक्या लोकांसमोर उठून जाणं मी एरवी टाळलं असतं, पण तिथे टाळायला जागा नव्हती. आत्याने माझ्या डोक्यावर तिची ओढणी ओढली, गळ्यात हात टाकला आणि सुरू केलं. गोर बोलीत. माझ्याशी, पहिल्यांदा. माझे नवे बूट पायाला मोठे होते ते तिने म्हटलं. गाडी नाल्याजवळ वळली आणि माझी वेणी दिसेनाशी झाली ते म्हटलं. हे तिने बघितलं होतं, इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

मग ती थांबली. आता उत्तर मी द्यायचं होतं.

मला वाटलं, काहीच येणार नाही. आणि मग आलं. निम्मी गोर बोली, निम्मी मराठी, याडी म्हणजे आई एवढा एकच शब्द बरोबर.

"माझी पेटी सगळ्यांनी उचलली, याडी, मला कुणी धरलं नाही."

पुढचं मला नीट आठवत नाही. बाया रडत होत्या, मीही रडत होते, आणि ते काही गोड रडणं नव्हतं. इंजिनिअरने रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं एवढं खरं.

कंपनीला ते फार आवडलं. माझी ती ओळ गाण्यात पुन्हा पुन्हा यावी असं त्यांनी लिहिलं. मेल मीच वाचली. मग दादाला वाचून दाखवली.

"तू नाही म्हटलं तर मी गाणं अल्बममधून काढून टाकतो."

तो काढेल हे मला माहीत होतं, आणि काढल्यावर त्याचं काय होईल हेही. पण मला काळजी बाबांची होती. मला हॉस्टेलवर त्यांनीच पोचवलं होतं. त्यांना सुट्टी होती त्या दिवशी मी अंगणात मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिले. त्यांनी ऐकलं. परत लावून ऐकलं. मोबाइल शर्टाला पुसला, तो स्वच्छच होता.

"पेटी मीच उचलली होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "राहू दे गाण्यात. खरं हाय."

मी दादाला होकार दिला. माझं नाव मात्र नको म्हटलं. आत्या ऐकून म्हणाली, "मंग माह्यंही नको." अल्बमवर आमच्या सगळ्यांच्या नावांऐवजी 'तांड्यातल्या बाया' असं लिहिलं आहे. त्या बायांत मी मोडते, हे मला स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडतं.

आता ती ओळ लोकांची झाली आहे. हॉस्टेलच्या मुली बॅगा घेऊन त्यावर रील करतात. एकदा बसमध्ये शेजारच्या मुलीच्या मोबाइलमधून माझाच आवाज आला. ती म्हणाली, हे गाणं ऐका ताई, फार भारी आहे. मी म्हटलं, हो, ऐकलंय. आणि खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं. यवतमाळच्या कार्यक्रमात त्या जागी दादा माइकपासून मागे सरकला आणि आख्ख्या मैदानाने ती ओळ म्हटली, माझ्या चुकांसकट. मी गर्दीत होते. मीही म्हटली.

या जूनमध्ये शाळा उघडताना तांड्यावरच्या मुलींना हॉस्टेलवर न्यायला जीप आली, तर त्यांच्या आया आत्याला बोलवायला आल्या. आधी फक्त लगनसराईत काम होतं, आता पोट्ट्या शाळेत चालल्या तरी जावं लागते, अशी कुरकुर करत ती ओढणी सारखी करून निघाली. एका लहान मुलीला तिने गळ्याशी धरलं आणि स्वतःचं म्हणून झाल्यावर उत्तराची वाट बघत थांबली. युनिफॉर्ममधली ती मुलगी जरा विचारात पडली. मग रडत, अगदी चालीत म्हणाली की टीव्हीचा रिमोट आता भावाकडे राहील. जीपवाला हॉर्न वाजवत होता. बाया रडता रडता हसत होत्या, आणि आत्या तिच्या ओळीला उत्तर जुळवत होती.