बोंबलाच्या दोरीवरची शतावरी

शकूआत्याने शेजारच्या रत्नाबाईच्या सुरमईवरचा बर्फ उचलला आणि पदराखालून मानेवर धरला. समोर गिऱ्हाईक जवळ्याचं माप भरायची वाट बघत उभं.

"शकू, मच्छी वास मारेल ना गो! तुझ्यापेक्षा तिला गरज हाय," रत्नाबाई ओरडली.

"तुझ्यावर पण येईल ही वेळ. तेव्हा तुला अख्खी लादी देईन."

आत्याचं तोंड लालभडक, घाम टपटप. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

हे दिवसातून दहादा. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालेलं, तेव्हापासून अंगातून वाफा. घिवलीला उन्हात बोंबील वाळत टाकायचे आणि बोईसरच्या बाजारात बसून विकायचे, हे तिचं तीस वर्षांचं काम. आई गेल्यावर ह्याच बोंबलांवर तिने मला वाढवलं. तिला कोण काय बोललं तर मी सोडत नाय. पण मीच तिला किती बोलू?

कारण डॉक्टर सोडून ती सगळ्यांचं ऐकते. कॉलनीतली उत्कर्षा मॅडम बोलली, सोयाबीन खा. आत्याने बोंबलाच्या कालवणात सोयाबीनच्या वड्या टाकल्या. आठ दिवस आमी तेच गिळलं. रत्नाबाई बोलली, मेथी भिजवून खा, जवसाची चटणी खा. जवसाने पोट साफ झालं, तेवढाच फायदा. तिळाचे लाडू मात्र बरे होते, ते मीच संपवले.

मग जमना. ती डोंगराकडच्या पाड्यावरून रानभाज्या, कंद घेऊन बाजारात बसते. तिने शतावरीच्या मुळ्या दिल्या, आत्याने बदल्यात बोंबील दिले. दोघी खूश. मुळ्या वाळवायच्या कुठे? बोंबलाच्या दोरीवर! एक बोंबील, एक मुळी, परत एक बोंबील. मग कुटून दुधात. त्या दुधाला असा वास की शेजारची मांजर आमच्या घरातून हलेना.

"आत्या, दुधात मासा?"

"मासा कुठे हाय? वास हाय नुसता."

आणि एका सकाळी ती तोंडभर हसत बाहेर आली. "गो, मुळी लागू पडली! पाळी परत आली!"

रत्नाबाईला सांगितलं, आळीत सांगितलं, जसं काय घरात कोण पास झालं. पन्नाशी उलटली तरी शकू म्हातारी नाय!

पण आरोग्यकेंद्राची आशाताई गावातल्या मीटिंगला बोललेली, वर्षभर बंद राहून परत रक्त दिसलं तर ती पाळी नाय, लगेच दाखवायचं. सगळ्या बायांनी ऐकलं. आत्या तेव्हा चहा गाळत होती.

मी तिला सांगितलं.

"दहावीत शाळा सोडलीस आणि मला शिकवतेस?"

"शाळा सोडली, कान नाय सोडले."

"बोंबलाचा हंगाम संपू दे. मग बघू."

हंगाम! तीन आठवडे रक्त चालू. कधी नुसता डाग, कधी जास्त. मी रिक्षा दारात आणली, ती मागच्या दाराने दोऱ्यांकडे पळाली. मी भांडले, रडले, जेवले नाय. ती माझ्या वाटणीचं पण जेवली.

मग माझं डोकं फिरलं. बाजारात गेले आणि जमनासमोर उभी राहिले. "कसली मुळी देतेस गो तू? माझ्या आत्याचं रक्त थांबत नाय. तिला काय झालं तर तुझी पाटी गटारात फेकीन!" अजून पण बोलले, ते लिहीत नाय. लोक जमले.

जमनाने भाज्यांवर ओलं फडकं टाकलं, उठली, मासळीच्या ओळीत आली आणि आत्याचा दंड धरला.

"चल."

"अगो, माझा माल..."

"माल रत्नाबाई बघेल. चल."

आणि आत्या उठली! तीन आठवडे माझ्यासाठी हलली नाय ती बाई! मला असला राग आला की मी रिक्षात पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.

पालघरच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. गर्भाच्या पिशवीत मस निघाला, म्हणजे मांसाची गाठ. तो काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला दहा दिवस. त्या दहा दिवसांत आत्याने कोणाचा बर्फ उचलला नाय की कोणाला उलट बोलली नाय. त्यानेच मी जास्त घाबरले.

मस साधा निघाला, कॅन्सरचा नाय. डॉक्टरबाई बोलल्या, सोयाबीन, तीळ खुशाल खा, पण रक्त दिसलं की आधी दवाखाना.

बाहेर आल्या आल्या आत्या मला बोलली, "ऐकलंस ना? सोयाबीन चालेल."

डोकं कुठे आपटायचं माणसाने?

जमनाला मी सॉरी-बिरी काय बोलले नाय. माझ्या डोक्यात एकच, हिच्याच मुळीने झालं.

पावसाआधी आमी सुकी मच्छी माळ्यावर चढवत होतो, तेव्हा तांदळाच्या डब्यामागे शतावरीच्या पावडरची बाटली मिळाली. दुकानातली, अर्धी संपलेली. मी आत्यासमोर धरली.

ती जवळा पाखडत बोलली, "पाळी परत आली ते मी त्याच दिवशी बाजारात पहिलं जमनालाच सांगितलेलं. ती बोलली, आधी डॉक्टर. त्या दिवसापासून एक मुळी दिली नाय मला. मग मी स्टेशनजवळच्या दुकानातून आणली."

मी जमनाला भर बाजारात बोलले, त्याच्या तीन आठवडे आधीची ही गोष्ट.