एक पॉइंट नऊ लिटर

न्यूमोनियातून उठले त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांना माझा एक आकडा पाठ झाला होता. सत्तर टक्के.

मालवणातल्या छातीच्या डॉक्टरांनी नाकाला चिमटा लावून, तोंडात नळी देऊन मला फुंकायला लावलं. ‘अजून, अजून, थांबू नका!’ डोळ्यांपुढे काजवे चमकले. कागदावर आलं : १.९ लिटर, सत्तर टक्के.

माझा थोरला भाऊ सोबत होता. देवबागेत आमच्या चर्चच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवतो, मी ट्रंपेट. रिक्षातच त्याने निकाल दिला. “ट्रंपेट आता दुसऱ्याक देवया. सत्तर टक्के छाती घेवन तू काय फुकतलंस?”

मला विचारलंदेखील नाही. दोन दिवसांनी कपाटात ट्रंपेट नव्हता. चुलतभावाला देऊन टाकला होता.

मी शाळेत गणित शिकवते. टक्के नेहमी कशाचे तरी असतात, हे मुलांना सांगून घसा कोरडा होतो. आणि माझ्याच छातीचे टक्के कशाचे, हे मी विचारलं नव्हतं. एकटी बस पकडून डॉक्टरांकडे गेले.

“तुमचं वय, उंची, स्त्री की पुरुष, यावरून साधारण दोन पॉइंट सात लिटर अपेक्षित आहे. त्याच्या सत्तर टक्के,” ते म्हणाले. “परीक्षेचे मार्क नव्हेत हे. कमी आहे, ते मी नाकारत नाही. पण पहिल्या सेकंदात हवा चांगली सुटते, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत. आणि सगळं फुंकून झाल्यावरही आत लिटरभर हवा उरते. ती हे यंत्र मोजत नाही.”

“ट्रंपेट वाजवू?”

“महिनाभर थांबा. मग थोडं थोडं. चक्कर आली तर बंद.”

घरी आले. तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनवर तळापासून लिटरच्या खुणा केल्या, पाण्याने भरून टबात उलटा धरला आणि खालून रबरी नळी घातली. एका श्वासात फुंकलं. हवा वर साठत गेली, पाणी खाली सरकत दुसऱ्या खुणेच्या जरा अलीकडे थांबलं. दोन लिटरला किंचित कमी. भाऊ बघत होता. म्हणाला, “माका बघूंदे.” त्याचं पाणी तिसरी खूण ओलांडून गेलं. तो हसला.

“तू माझ्यापेक्षा हातभर उंच आसंस,” मी म्हटलं. “आणि तुझे चार लिटर झाले तरी तुका सूर लागाचो नाय. माझो ट्रंपेट हाड.”

“आणि फेस्ताक मधीच दम लागलो तर?”

“तर थांबतलंय. पण ता मी ठरवतलंय, तू नाय.”

तो संध्याकाळी मोटारसायकल काढून गेला आणि ट्रंपेट घेऊन आला.

महिन्यानंतर परसात बसून मी रोज थोडं वाजवू लागले. लांब सूर पूर्वीसारखा टिकेना. मग जिथे पूर्वी एक श्वास पुरायचा तिथे दोन घ्यायचे ठरवले, आणि चालीत त्यांच्या जागाही ठरवल्या.

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या मिरवणुकीत मी पुढच्या रांगेत होते. वळणावर सूर तोडून श्वास घेतला. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मिरवणूक संपल्यावर चुलतभाऊ कुरकुरला, “मधीच तोडलंस गो.”

“श्वास घेतलंय,” मी म्हटलं, “चोरी नाय केलंय.”

पुढच्या तपासणीत दोन पॉइंट एक आलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे कदाचित वाढणार नाही. मी म्हटलं, नाही वाढलं तर नाही. नाताळची तालीम सुरू झाली होती.